आधी मिस्त्रींना विचारा!

आपल्या हॉस्टेलवर दोन विषयांवर कधीच एकमत होत नाही. एक, मेसची भाजी नक्की कशाची आहे. आणि दोन, सगळ्यात भारी कॅड सॉफ्टवेअर कोणतं! पहिल्या वादाचा निकाल भांडं रिकामं झालं की आपोआप लागतो. दुसरा मात्र रात्री दोनपर्यंत चालतो. मेकॅनिकलवाल्या सॉलिडवर्क्स आणि क्रिओवरून भांडतात, सिव्हिलवाल्यांना ऑटोकॅड आणि रेव्हिटच्या बाहेर जग आहे हेच मान्य नसतं, आणि जिच्या लॅपटॉपवर सगळ्यात जास्त आयकॉन ती आमच्या फ्लोअरची विदुषी.

या सगळ्या वादात एक माणूस कधीच हजर नसतो. तो म्हणजे, ज्याला त्या सॉफ्टवेअरमधून निघालेला कागद हातात घेऊन उद्या सकाळी करवत चालवायची आहे. आजचा लेख त्याच्याबद्दल. (लेखिका कॉन्व्हेंटमध्ये शिकलेली आहे. ऱ्हस्व-दीर्घाचं संपादक मंडळाने बघून घ्यावं, मतांची जबाबदारी माझी!)

विषय निघाला तो असा. माझ्या मामांचा सांगलीजवळ फर्निचरचा छोटा कारखाना आहे. कारखाना म्हणजे काय, तर पत्र्याची शेड, एक टेबल सॉ, एक रंधा मशीन, स्वतः मामा, दोन मिस्त्री आणि एक हेल्पर. ओट्याखालच्या ट्रॉल्या, वॉर्डरोब, टीव्ही युनिट, शोकेस अशी कामं ते करतात. काम चोख, पण गिऱ्हाईक बदललंय. पूर्वी मामा वहीच्या मागच्या पानावर पेन्सिलीने कपाट काढून दाखवायचे आणि लोक ॲडव्हान्स देऊन मोकळे व्हायचे. आता पहिला प्रश्न येतो, "थ्री-डी आहे का? मोबाईलवर पाठवा ना." शहरातल्या शोरूममध्ये एसीत बसवून, कॉफी पाजून, रंगीत किचन स्क्रीनवर फिरवून दाखवतात. गेल्या वर्षात दोन किचनची कामं मामांच्या हातून अशीच गेली. दर मामांचाच कमी होता, तरीही! तीन घरं चालतात त्या शेडवर, त्यामुळे दोन कामं जाणं ही काही गंमत नाही.

मग घरातल्या 'इंजिनिअर'ला फोन आला. "शिकायला सोपं असं कुठलं सॉफ्टवेअर घेऊ, सांग गं."

असा फोन आपल्यापैकी अनेकांना येतो. कोणाच्या काकांचं फॅब्रिकेशनचं वर्कशॉप असतं, कोणाच्या वडिलांचा लेथ असतो. आणि आपण उत्तर देतो ते आपल्या सिलॅबसमधून. मला जे येतं ते तुम्ही घ्या, असा सगळा मामला. माझं स्पष्ट मत आहे की ही पद्धत चुकीची आहे. सॉफ्टवेअर काय काय करू शकतं हा प्रश्न नंतरचा. त्या शेडमध्ये पैसा आणि माल नक्की कुठे वाया जातो, हे आधी बघायला हवं.

चित्र आणि कटिंग लिस्ट

सुतारकामाच्या छोट्या धंद्यात डिझाइन सॉफ्टवेअरला दोन कामं असतात. एक, गिऱ्हाइकाला दाखवायचं चित्र. दुसरं, मिस्त्रींच्या हातात द्यायची कटिंग लिस्ट, म्हणजे कुठल्या मापाचे किती तुकडे कापायचे याची यादी. डेमो दाखवणारे लोक पहिल्यावर भर देतात, कारण ते दिसायला झकास असतं. पण चित्र बिघडलं तर फार तर पुन्हा काढावं लागतं. लिस्ट बिघडली तर प्लायची अख्खी शीट जाते.

उदाहरण घेऊ. ६०० मिलिमीटर रुंदीचं ओट्याखालचं खोकं. प्लाय १८ मिलिमीटरचा. दोन बाजूंचे मिळून ३६ गेले, म्हणजे आतला तळ ५६४ चा. त्यात ड्रॉवर बसवायचा. टेलिस्कोपिक चॅनेलला प्रत्येक बाजूला साधारण साडेबारा ते तेरा मिलिमीटर जागा लागते. तेराप्रमाणे २६ वजा करा, ड्रॉवरची बाहेरची रुंदी आली ५३८. इथपर्यंत पहिलीतलं गणित!

आता गिऱ्हाईक म्हणालं, "आतूनही सनमायका लावा." एक मिलिमीटरची सनमायका, दोन्ही बाजूंना आतून. खोक्याची बाहेरची रुंदी तीच ठेवली तर आतली जागा ५६२ झाली. ड्रॉवर मात्र जुन्या लिस्टप्रमाणे ५३८ चाच कापून ठेवलेला. उरली प्रत्येक बाजूला १२ मिलिमीटर जागा. चॅनेल घट्ट बसतं, ड्रॉवर ओढला की अडकतो, आणि गिऱ्हाईक म्हणतं, शोरूमचंच घ्यायला पाहिजे होतं!

गंमत अशी की मिस्त्रींच्या जुन्या पद्धतीत हा घोळ होतच नाही. ते आधी खोकं उभं करतात, मग त्यात टेप घालून प्रत्यक्ष जागा मोजतात आणि त्या मापाचा ड्रॉवर बनवतात. त्यांना लिस्टची गरजच नसते, कारण वस्तू समोर असते. सॉफ्टवेअर आलं की सगळे तुकडे आधीच कापायचे, नंतर जोडायचे. वेळ वाचतो हे खरं. पण मिस्त्रींच्या हाताला जे आपोआप कळत होतं, ते सगळं आता आकड्यांना कळायला हवं. माझ्या मते या धंद्यात सॉफ्टवेअरची खरी परीक्षा इथेच होते. पडद्यावरचं लाकूड किती चकाकतं यावर नाही.

सूत आणि मिलिमीटर

दुसरी गोष्ट मापांची. आपण सगळं मिलिमीटरमध्ये शिकतो. शेडमध्ये भाषा असते फूट, इंच आणि सूत. आठ सुतांचा एक इंच, म्हणजे एक सूत सव्वातीन मिलिमीटरच्या जरासं खाली. आपल्याला हे मागासलेलं वाटतं, पण थोडा विचार करा. करवतीच्या गोल ब्लेडने प्लाय कापला की ब्लेड साधारण तीन मिलिमीटर माल खातं. म्हणजे जवळजवळ एक सूत! मिस्त्री "एक सूत ब्लेडचं सोड" असं सहज म्हणतात तेव्हा ते आपल्याच पुस्तकातला 'कर्फ' सांगत असतात.

हे सूत विसरलं तर काय होतं? प्लायची शीट आठ फूट बाय चार फूट, म्हणजे २४४० बाय १२२०. कागदावर चार फुटांत दोन-दोन फुटांचे दोन तुकडे अगदी नेमके बसतात. प्रत्यक्षात मधे ब्लेड जातं आणि दोन तुकडे येतात साडेसहाशे आठचे. माफ करा, सहाशे साडेआठचे! (मराठी आकडे हा आम्हा कॉन्व्हेंटवाल्यांचा जुना शत्रू आहे.) दोन फूट म्हणजे ६०९.६. तेवढा तुकडा त्या शीटमधून दोनदा निघूच शकत नाही. ज्या सॉफ्टवेअरला ब्लेडची जाडी सांगता येत नाही, ते तुम्हाला खुशाल "एका शीटमध्ये बसतं" म्हणून सांगेल.

मात्र सुताचीही मर्यादा आहे. प्लाय विकला जातो मिलिमीटरच्या जाडीत. १८ मिलिमीटर म्हणजे साडेपाच आणि सहा सुतांच्या मधलं काहीतरी, धड इकडे नाही न तिकडे. म्हणून माझा सल्ला असा: घरी जाऊन भिंतीचं माप फूट-इंचात घ्या हवं तर, पण कटिंग लिस्ट मिलिमीटरमध्येच ठेवा. टेपवर दोन्ही बाजू छापलेल्या असतातच. मामांच्या दोन्ही मिस्त्रींना ही सवय लागायला फार दिवस लागले नाहीत. अट एवढीच की एका कागदावर दोन भाषा नकोत.

मग घ्यायचं कोणतं?

आता मुद्द्यावर येते. नवशिक्या माणसासाठी जी नावं हमखास सुचवली जातात, त्यांच्याबद्दल माझं मत.

स्केचअप. २००० साली आलं, २००६ मध्ये गूगलने घेतलं, २०१२ पासून ट्रिम्बलकडे आहे. शिकायला खरोखर सोपं. चौकोन काढा, पुश-पुलने ओढा, फळी तयार! फूट-इंचात काम करता येतं, आणि अचूकता एक अष्टमांश इंच ठेवली की झाले सूत. त्याच्या डेस्कटॉप आवृत्तीला ओपनकटलिस्ट नावाचं मोफत एक्स्टेन्शन जोडता येतं. ते तुमच्या मॉडेलमधले तुकडे मोजतं, ब्लेडची जाडी धरतं, सनमायकाच्या रेषांची दिशा सांभाळतं आणि शीटवर तुकडे कसे मांडायचे याचा नकाशा देतं. चित्र आणि लिस्ट एकाच मॉडेलमधून निघतात, हा मोठा फायदा. दोष असा की साध्या पद्धतीने काढलेलं मॉडेल स्वतःहून सुधारत नाही. जाडी बदलली तर ड्रॉवर तुम्हालाच हाताने बदलावा लागतो.

फ्रीकॅड. पूर्ण मोफत, ओपन सोर्स, धंद्यासाठी वापरायला कायदेशीर मोकळीक. यात माप बदललं की त्यावर अवलंबून असलेले भाग बदलतात, म्हणजे ५६४ चे ५६२ झाले की ड्रॉवरही ५३६ होतो, अर्थात मॉडेल तसं बांधलेलं असेल तर. बरीच वर्षं यात एक डोकेदुखी होती, एक फळी बदलली की भोकं दुसऱ्याच पृष्ठभागावर जाऊन बसायची. नोव्हेंबर २०२४ मध्ये १.० आवृत्ती आली, तेव्हापासून ते पुष्कळ कमी झालंय. पण शेडमध्ये दिवसभर राबून आलेल्या माणसाने रात्री नऊला एकट्याने शिकावं इतकं ते सोपं नाही. घरात चिकाटीची भाची असेल तर गोष्ट वेगळी!

स्वीट होम थ्री-डी. हेही मोफत आणि ओपन सोर्स. वर खोलीचा नकाशा काढा, खाली त्याच वेळी थ्री-डी दिसतं. कपाट, ओटा, फ्रिज उचलून ठेवायचे आणि माप बदलायचं. दोन संध्याकाळी पुरतात. पण यातलं कपाट बाहेरून कपाट असतं, आत फळ्या किती आणि कशा ते याला माहीत नसतं. म्हणजे गिऱ्हाइकासाठी उत्तम, मिस्त्रींसाठी निरुपयोगी.

फक्त कॅबिनेट बनवण्यासाठी खास केलेली महागडी पॅकेजेसही मिळतात. ती सीएनसी राउटरला थेट फाइल देतात. पण शेडमध्ये सीएनसी नसताना ती घेणं म्हणजे बाजारात तुरी...! एखाद्या वेळी नक्षीकाम सीएनसीवाल्याकडून करून घ्यायचं असेल तर डीएक्सएफ फाइल लागते, आणि ती साध्या सॉफ्टवेअरमधूनही काढता येते.

आणि शेवटचा उमेदवार, ज्याला हॉस्टेलवर कोणी किंमत देत नाही: साधी स्प्रेडशीट. लिब्रेऑफिस कॅल्क फुकट आहे. एका ओळीत प्लायची जाडी, एकात सनमायका, एकात चॅनेलची जागा, आणि खाली सूत्रं. जाडीचा आकडा बदलला की सगळी लिस्ट बदलते. शिवाय भागांची नावं मराठीत लिहिता येतात: डावी बाजू, उजवी बाजू, तळ, पाठ, मधली फळी. इंग्रजीतली यादी हातात दिली तर मिस्त्री विचारायला येतात आणि सॉफ्टवेअरने वाचवलेला वेळ तिथेच जातो.

माझं उत्तर म्हणून असं: आज चित्रासाठी स्वीट होम आणि लिस्टसाठी स्प्रेडशीट. खर्च शून्य. सहा महिने नियमित वापर झाला, कामं वाढली, की मग स्केचअपची डेस्कटॉप आवृत्ती विकत घ्यायची आणि ओपनकटलिस्ट जोडायचं. उलट क्रमाने गेलं तर पैसे आधी जातात आणि सवय लागेल की नाही ते नंतर कळतं.

फुकट म्हणजे नक्की काय?

इथे जरा कटू बोलते. मामांना एकाने सांगितलं होतं, "कशाला विकत घेता? पेन ड्राइव्ह आणतो, क्रॅक टाकून देतो." हे वाक्य आपल्या कॉरिडॉरमध्ये रोज ऐकू येतं, म्हणून ते कुणाला खटकत नाही. पण कॉपीराइट कायद्याचं कलम ६३ ब बघा. बेकायदा प्रत जाणूनबुजून संगणकावर वापरणाऱ्याला किमान सात दिवस ते तीन वर्षं कैद आणि किमान पन्नास हजार रुपये दंड, असं ते कलम सांगतं. कोर्टाला शिक्षेत सवलत देता येते, ती धंद्यासाठी वापर नसेल तरच. मामांचा तर धंदाच आहे! शिवाय त्या पेन ड्राइव्हमधून आणखी काय येईल ते वेगळंच. सगळ्या गिऱ्हाइकांचा हिशेब त्याच एका कॉम्प्युटरवर असतो.

दुसरी गोष्ट आपल्यालाच लागू. ऑटोडेस्कची सॉफ्टवेअर विद्यार्थ्यांना मोफत मिळतात, पण फक्त शिक्षणासाठी. स्केचअपची ब्राउझरमधली फुकट आवृत्तीही वैयक्तिक वापरापुरती आहे. म्हणजे "मी माझ्या स्टुडंट लायसन्सवर काढून देते ना" हा प्रेमळ सल्लाही धंद्यात चालत नाही. फ्रीकॅड, स्वीट होम, लिब्रेऑफिस यांना ही अट नाही. "फुकट" आणि "धंद्यासाठी फुकट" हे दोन वेगळे शब्द आहेत, एवढं तरी आपण फोनवर सांगायला हवं.

आणखी एक साधी बाब. शेडमध्ये भुसा उडतो, लाईट जाते, नेट कधी असतं कधी नसतं. जे सॉफ्टवेअर नेटशिवाय उघडतच नाही, ते कितीही सोपं असलं तरी सोमवारी सकाळी मिस्त्रींना ताटकळत ठेवणार.

एक खोकं, एक संध्याकाळ

जाहिराती बाजूला ठेवा आणि ही परीक्षा घ्या. रुंदी ६००, उंची ७२०, खोली ५६० असं एक खोकं काढा. एक फळी, एक ड्रॉवर, दोन दारं. मग प्लाय १८ ऐवजी १६ करा. किती ठिकाणी हात लावावा लागला ते मोजा. मग लिस्ट छापा. आणि शेवटी तो कागद काहीही न समजावता मिस्त्रींच्या हातात द्या. त्यांनी किती प्रश्न विचारले, ते लिहून ठेवा. ज्या सॉफ्टवेअरच्या कागदावर सगळ्यात कमी प्रश्न आले, ते तुमच्यासाठी सोपं. यूट्यूबवर कोणी काय म्हणतं ते सोडा.

ही परीक्षा सुचली ती मामांच्या मोठ्या मिस्त्रींमुळे. दिवाळीच्या सुट्टीत मी त्यांच्यापुढे प्रिंट ठेवली. त्यांनी रंधा खाली ठेवला, चष्मा लावला, आणि पहिलंच विचारलं, "पाठीचा प्लाय खाचेत जाणार का मागून ठोकणार? खाचेत गेला तर मधली फळी तेवढी मागे कमी लागंल." कुठल्याच सॉफ्टवेअरने मला तोपर्यंत हा प्रश्न विचारला नव्हता. स्प्रेडशीटमध्ये त्या दिवशी एक ओळ वाढली. तिचं नाव 'खाच'. ती ओळ त्यांची आहे.

काही जण म्हणतील, "असं किती दिवस लाड करायचे? जग सीएनसीवर गेलं. मिस्त्रींनीच शिकायला हवं." शिकायला हवंच, कोण नाही म्हणतं? पण शिकण्याची सुरुवात त्यांच्या हातातल्या कामापासून झाली तर ते शिकतात. मोठे मिस्त्री आता प्लायची जाडी स्वतः बदलून बघतात, एका बोटाने का होईना. पन्नाशीच्या माणसाला पहिल्या दिवशी आपल्या तिसऱ्या सेमिस्टरचा कमांडचा गठ्ठा दिला, तर तो कॉम्प्युटर पुढच्या महिन्यापासून फक्त गाणी वाजवायला राहील.

जाता जाता आपल्या ड्रॉइंग हॉलबद्दल. फर्स्ट इयरला आपण मिनी ड्राफ्टर खांद्यावर मिरवत फर्स्ट अँगल प्रोजेक्शन काढलं. पुढून, वरून, बाजूने, तुटक रेषा, सगळं बरोबर. मार्क मिळाले. पण हे ड्रॉइंग वाचणार कोण, हा प्रश्न एकाही ओरलला कोणी विचारला नाही. शेडमध्ये तुटक रेषांपेक्षा तुकडे सुटे करून दाखवलेलं एक तिरकं चित्र आणि प्रत्येक तुकड्यावर नंबर जास्त उपयोगी पडतो. सरांना नम्र विनंती: टर्मवर्कमधली एक शीट तरी कॉलेजच्या वर्कशॉपमधल्या कारपेंट्री सेक्शनला नेऊन द्यावी. तिथल्या इन्स्ट्रक्टरांनी ती बघून, आम्हाला एकही प्रश्न न विचारता वस्तू बनवावी. बनली तर सही, नाही तर रिपीट! सबमिशनच्या आठवड्यात माझ्यावर शिव्यांचा पाऊस पडेल याची कल्पना आहे.

मामांचं म्हणाल तर परवा एका किचनचं काम मिळालं. चित्र मोबाईलवर गेलं, आणि लिस्टचा कागद शेडमध्ये खिळ्याला टांगलाय. शोरूमशी स्पर्धा एवढ्याने संपली असं अजिबात नाही. पण तुम्हाला घरून असा फोन आला, तर नावांची यादी वाचून दाखवू नका. आधी विचारा, कापतं कोण, मोजतं कोण, आणि माल कुठे वाया जातो. पटलं नसेल तर वाद घालायला मेसमध्ये भेटा. भाजीच्या वादानंतर, अर्थातच!

— तृतीय वर्ष, यंत्र अभियांत्रिकी